गुणाजी भावजींचे गमबूट

वाल अर्धेच सोलून झाले होते. मार्गशीर्षातला गुरुवार. संध्याकाळी उपास सोडताना बिरडं करायचं म्हणून दोन दिवस आधी भिजवून, फडक्यात बांधून छान मोड आणले होते. परातीत एका बाजूला सोललेले पांढरे, दुसऱ्या बाजूला साल न काढलेले तपकिरी. हात पुसायला उठले, तर फळीवर गुणाजी भावजींचा डबा तसाच.

अकरा वर्षं मी त्यांना डबा देते आहे. माणूस छत्री विसरला, पगाराच्या दिवशी पाकीट विसरला, पण डबा कधी विसरला नाही. तेव्हा हा विसरलेला नव्हे, मुद्दाम ठेवलेला डबा आहे हे मला लगेच कळलं. आदल्या संध्याकाळी ताटावर काय बोलणं झालं होतं ते आठवलं. परात झाकली, देवीपुढची समई एकदा नीट केली, शेजारच्या बकुळाला "घराकडे बघ गं" म्हटलं आणि डबा घेऊन निघाले.

कुठे निघाले आणि का, हे कळायचं तर आधी गुणाजी भावजी कळायला हवेत.

हे माझ्या यजमानांचे धाकटे भाऊ. आमचं घर देवगडच्या अलीकडे, खाडीकाठी. मुंबईत लालबागला चाळीत तिसऱ्या माळ्यावर आमची एक खोली, आणि खोलीबाहेरच्या गॅलरीत भावजींचं अंथरूण. अठरा वर्षं ते गिरणीत साचेखात्यात होते. शेकडो साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एकदम चालतात तिथे. शेजारचा माणूस मेलो म्हणून ओरडला तरी ऐकू जायचं नाही. तिथली माणसं ओठांनीच बोलतात. भावजींना ती विद्या पहिल्या दोन वर्षांतच आली. पुढे साचे कमी झाले तेव्हा भावजींनाही कमी केलं. ते घरी आले, पण कान मात्र साचेखात्यातच राहिले. हे आम्हाला कळलं नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघून ते झटपट उत्तर देत, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

मला कळलं ते छप्पन्नच्या जानेवारीत. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून सगळं गिरणगाव पेटलं होतं. एक दिवस खाली रस्त्यावर पोलीस ओरडले, "थांबा! आत जा!" सगळे पळाले. भावजी मात्र हातात तेलाची बाटली घेऊन रस्त्याच्या मधोमध शांतपणे चालत आले. पोलीस बघतच राहिले. दोन मिनिटांनी भावजी जिन्यात. चाळीतल्या पोरांनी त्यांना उचलूनच घेतलं. "गुणाजीकाका वाघ आहे! बंदुकीला भ्याला नाही!" दुसऱ्या दिवशी कुणीतरी हारही घातला. भावजी हार घालून हसत होते. मी पाठीमागून म्हटलं, "भावजी, तेल सांडलं की." काही नाही. परत म्हटलं. काही नाही. मग माझ्या हातातून कळशी सुटून फळ्यांच्या जमिनीवर आपटली, तेव्हा ते गर्रकन वळले. कळशीच्या आवाजाने नव्हे, पायाखालची फळी हादरली म्हणून.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं की मला कळलं. बोट ओठांवर ठेवून म्हणाले, "वयनी, दादाक सांगू नको."

मी कुणाला सांगितलं नाही. वाघाचा हार खिळ्याला वाळून जाईपर्यंत तसाच लटकत होता.

पण खरी कळ वेगळीच होती. शेवंती, त्यांची बायको, गावी. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यासाठी राहिली, मग जमिनीसाठी आणि गाईसाठी राहिली. भावजी मे महिन्यात जात. आमच्याकडच्या बायका नवऱ्याशी बोलतात त्या चुलीकडे तोंड करून, नाहीतर पदर ओठांवर घेऊन. भावजींना त्यातलं काही कळेना. तिने विचारावं आणि यांनी गप्प बसावं. दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी तिने विचारणंच सोडलं. गावात म्हणाली म्हणे, मुंबैत कोणीतरी बोलणारी गावली असात, माझ्याशी बोलाक शब्द उरले नाय त्यांच्याकडे.

भावजी मला एकदा म्हणाले, "ती बोलता तेव्हा माका तिची पाठ दिसता. पाठीक ओठ नसतत गे वयनी."

"मग सांगा की तिला, ऐकू येत नाही म्हणून."

"बहिऱ्याची बायल म्हणतीत तिका. त्यापेक्षा ती इकडे येऊ दे. उजेडात, समोर बसात. मग हळूहळू सांगेन."

इकडे यायचं तर खोली हवी. गॅलरीतल्या अंथरुणावर बायको कशी आणणार? म्हणून या माणसाच्या आयुष्यात एकच इच्छा उरली होती: एक खोली, आणि तिच्यात समोर बसलेली शेवंती.

ती खोली वडाळ्याला मिळणार होती. मिठागरांच्या कडेला, खाजणाच्या, म्हणजे भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या चिखलाच्या जमिनीवर कामगारांसाठी दोन मजली इमारती बांधायच्या होत्या. पण त्या जमिनीत काठी खुपसली तर कोपरापर्यंत हात आत जाई. त्यावर भिंत उभी केली तर चार पावसाळ्यांत एका बाजूला बसणार. म्हणून आधी जमिनीतच दगडांचे खांब भरायचे असं ठरलं, आणि गिरणीतून कमी केलेले भावजी त्याच कामावर मुकादम म्हणून लागले. भावजींनी मला ते ताटात भाताचा ढीग करून दाखवलं होतं. तीन पायांची लोखंडी घोडी उभी करायची. लोखंडी नळ चिखलात खाली खाली घालायचा, वीस-पंचवीस फूट, कडक माती लागेपर्यंत. आतला चिखल उपसायचा. मग चार टोपल्या दगड टाकायचे, मुठीएवढे, आणि वरून जड लोखंडी ठोकळा सोडायचा. धाड, धाड. दगड खाली बसतात, बाजूला सरकतात, चिखलाला रेटतात. नळ हातभर वर ओढायचा, पुन्हा दगड, पुन्हा ठोकळा. असं वरपर्यंत. जमिनीतलं पाणी दगडांच्या फटींतून वर निघून जातं आणि आजूबाजूचा चिखल घट्ट होतो.

"सिमिट?" मी विचारलं.

"नाय. सिमिटाचो एक कण नाय. नुसते सुटे दगड."

"मग उभे कशावर राहतात?"

"आजूबाजूच्या चिखलान धरून ठेवल्यान म्हणान. दगड चिखलाक दाबता, चिखल दगडाक. एकटो खांब काढून बाहेर ठेवलास तर ढीग होतलो."

ठोकळा किती वेळ सोडायचा, कधी थांबायचं, हे ठरवणारा माणूस म्हणजे मुकादम. बाकीचे मुकादम आवाजावरून ठरवत. दगड सैल असेपर्यंत आवाज धप्प येतो, घट्ट बसले की कोरडा, टणक. भावजींना आवाज कुठला? पण ते अनवाणी उभे राहत, नळापासून दोन हातांवर, डोळे मिटून. जमीन पायाला सांगायची. एका क्षणी ते हात वर करत, विंचवर, म्हणजे ठोकळ्याचा दोर ओढायच्या यंत्रावर असलेला भिवा दोर धरायचा, आणि तो खांब पास. मधूनच एखाद्या खांबावर लोखंडी रूळ रचून वजन देऊन बघत, तर भावजींचा एकही खांब बसला नव्हता. दादरचा तरुण साहेब होता, चष्मेवाला, तो म्हणाला, "गुणाजी, तुमचे कान फार तयार आहेत." भावजी हसले. भिवा खोकला आला म्हणून बाजूला गेला.

भिवा परळचा, भावजींचा गिरणीपासूनचा दोस्त. साहेब मागून हाक मारायला लागला की भिवा समोरून भुवई उडवायचा, आणि भावजी वळायचे. याच कामावर खूश होऊन साहेबाने सांगितलं होतं, चैत्रापासून मुकादमाला साइटवरची पत्र्याची खोली. दोघांपुरती, खिडकी पूर्वेला. भावजींनी ती आतून मोजून आणली होती, आठ पावलं बाय सहा. चूल कुठे, शेवंती कुठे बसेल, उजेड तिच्या तोंडावर कसा पडेल, सगळं त्यांनी मला बोटाने जमिनीवर काढून दाखवलं होतं.

आणि मग गमबूट आले. रघु नावाच्या माणसाच्या पायात दगडाची धारदार कपची घुसली, चार टाके पडले. दुसऱ्या दिवशी कंपनीकडून फर्मान: खाजणात अनवाणी कुणी उतरायचं नाही. सगळ्यांना काळे रबरी बूट, गुडघ्यापर्यंत. बाकीचे खूश. भावजी त्या बुटांत उभे राहिले आणि जमीन मुकी झाली.

पण सांगणार काय? बूट नको म्हटलं तर का नको हे सांगावं लागणार. तीन दिवस त्यांनी अंदाजाने हात वर केला. तिसऱ्या दिवशी काम सुटल्यावर, सगळे गेल्यावर, बूट काढून ते आपल्याच खांबांवर उभे राहिले, आणि भिवाने शेजारच्या नळात ठोकळा सोडला. तीन खांब मऊ लागले.

बुधवारी संध्याकाळी ताटावर मला म्हणाले, "शिजलेल्या भातासारखे लागले, वयनी. तीन. वरती माणसां रवतली. पोराबाळांसकट."

"साहेबाला कळलं का?"

"नाय. आणि सांगितलंय तर मुकादमी जातली. मुकादमी गेली तर खोली गेली. खोली गेली तर ती..."

आणि मी, रोज पोथी वाचणारी, गुरुवारचा उपास करणारी मी म्हटलं, "गप बसा भावजी. जमिनीच्या आतलं कोण बघायला जातंय? शेकड्यात तीन." मला शेवंती हवी होती. मला एक जाऊ हवी होती बोलायला, डोक्याला तेल लावून द्यायला, सणाला बरोबर पुरण वाटायला. त्यांच्या खोलीवर माझाही जीव लागला होता. त्या दिवशी माझ्या रोजनिशीच्या वहीत मी अध्याय किती वाचले ते लिहिलं, दूध नासलं ते लिहिलं, हे वाक्य लिहिलं नाही. आज लिहिते.

भावजींनी माझ्या ओठांकडे बघितलं, मग ताटाकडे. ताट तसंच सारलं. सकाळी डबाही ठेवून गेले.

ट्रामने दादर टीटीला उतरले आणि तिथून चालत वडाळ्याला. समोर मिठागराचं पांढरं आणि खाजणाचं काळं, मध्ये ती तीन पायांची घोडी. सगळी माणसं नळाभोवती गोल उभी होती. माझं वेळेवर पोचणं झालं, कारण साहेब आल्याशिवाय पहिला ठोकळा पडत नसे, आणि त्याआधी रोज गाऱ्हाणं. आम्हा मालवणी माणसांत कामाला हात लावायच्या आधी जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. ते भावजींचं काम. नारळ ठेवायचा, आणि जागेच्या देवाला सगळ्यांच्या वतीने सांगायचं; बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. भिवाने आदल्या वर्षी दादरला बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून तो नारळाला हात लावत नाही की होकार देत नाही. विंचपाशी टोपी काढून उभा राहतो, इतकंच. त्यावरून दोघांत कधी वाद झाला नाही. "तुझा देव तू सांभाळ, दोर मी सांभाळतो," असं भिवा म्हणे.

मी पत्र्याच्या आडोशाला थांबले. भावजींनी बूट काढले. दोन्ही बूट नारळाशेजारी नीट जोडून ठेवले. साहेब म्हणाला, "अहो गुणाजी, बूट..." पण भावजींनी डोळे मिटून सुरुवात केली होती.

"बा म्हाराजा, ह्या खाजणाच्या राखणदारा, ह्या मिठागराच्या धन्या! तुझ्या पोटात आम्ही दगड भरतो. आजवर तू सांभाळून घेतलंस."

"व्हय म्हाराजा!"

"ही पोरां, ह्यांचे हातपाय सलामत ठेव, सांजेक आपापल्या घराकडे पोचव."

"व्हय म्हाराजा!"

रोजचं एवढंच असे. भावजी थांबले नाहीत.

"आणि म्हाराजा, आज माझां गाऱ्हाणां. माका कान नाय. साच्यांनी घेतले. मी पायांनी ऐकत होतंय. बूट घातले, आणि तीन खांब खोटे पास केले. एकतीस, बत्तीस, चौतीस. ह्येच्यावर जी लेकरां निजतली, त्यांचो शाप माका नको. काय चुकला असात ता पोटात घाल, म्हाराजा."

कुणीच होकार दिला नाही. गाऱ्हाण्यात असं कुणी स्वतःचं बोलत नाही, आणि त्या पोरांना काय म्हणावं सुचेना. गाऱ्हाण्याला होकार मिळाला नाही तर ते अर्धंच राहतं. भावजींनी डोळे उघडले. एकेकाच्या ओठांकडे बघत गेले. सगळे बंद.

तेव्हा विंचपाशी टोपी हातात घेतलेला भिवा म्हणाला, "व्हय, गुणाजी." देवाला नव्हे, त्याला. हळूच, पण तोंड नीट उघडून, त्याला दिसेल असं.

साहेब चालत भावजींच्या मागे गेला आणि म्हणाला, "गुणाजी." मग मोठ्याने, "गुणाजी!" भिवाची भुवई हललीच नाही. तिसऱ्या हाकेला मिठागरातले बगळे उडाले, भावजी तसेच समोर बघत उभे. साहेब पुढे आला. चष्मा पुसून परत घातला.

"कधीपासून?"

"गिरणीतसून येतानाच, साहेब."

"आणि हे एवढे खांब नुसते पायांनी?"

"व्हय."

साहेब वाईट नव्हता. तो सावकाश, ओठ दिसतील असं बोलू लागला, हे मी आडोशातून पाहिलं. म्हणाला, "बूट घालू नका असं मी कुणाला सांगू शकत नाही. आणि मागून दोर तुटला, कुणी ओरडलं, तर तुम्हाला कळणार कसं? घोडीखाली मी तुम्हाला ठेवू शकत नाही, गुणाजी." मग थोडं थांबून, "आजचा दिवस सोडून. ते तीन खांब मला पुन्हा करून द्या. अनवाणी."

त्या तीन खांबांत नळ परत घातले. वरचे दगड उपसले, पुन्हा टाकले. भावजी डोळे मिटून उभे. ठोकळा पडत होता, माझ्या टाचांनाही काहीतरी कळत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. भावजींनी हात वर केला. साहेबाने लगेच दोराला खडूने खूण केली. "आणखी दहा ठोकळे," तो म्हणाला. दहा पडले, खूण बोटभरही खाली गेली नाही. दुसऱ्या खांबाला तसंच. तिसऱ्यालाही. साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं आणि पायाला पट्टी बांधून आलेल्या रघुला बोलावून दोर दाखवला: उद्यापासून दहा ठोकळ्यांना खूण बोटाच्या आत राहिली की खांब पास. पायाची गरज नाही, कानाचीही नाही.

भावजींच्या पायांनी शिकवलेली खूण होती ती. तिनेच त्यांची जागा घेतली. मुकादमी रघुला गेली, आणि खोलीही.

भावजींना दगड निवडायच्या ढिगाऱ्यावर बसवलं. मोठे असतील ते फोडायचे, मुठीएवढे ठेवायचे. मी डबा घेऊन तिथे गेले. मला बघून ते चकित झाले नाहीत. झाकण उघडून भाकरी मोडली.

"वयनी, आता भूक लागली."

भिवा शेजारी येऊन बसला. "मुकादमी गेली आणि भूक आली. याचं सगळं उलटंच. वहिनी, चटणी जास्त आहे ना? मला द्या. खोटं बोलून बोलून माझी भुवई दुखायला लागली होती, तिला जरा बरं वाटू दे."

भावजी हसले. हसता हसता त्या पत्र्याच्या खोलीकडे बघितलं, पूर्वेच्या खिडकीकडे. मग परत भाकरीकडे. मी म्हटलं, "भावजी, मी काल चुकीचं बोलले." त्यांनी माझे ओठ वाचले आणि मान हलवली. "शेवंती येऊची म्हणान बोललंस. माका म्हायत हा."

घरी आले तर वाल सुकून गेलेले. पाणी शिंपडून उरलेले सोलले, बिरडं केलं. यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ म्हणून मी काय बघितलं इतकी वर्षं?" आणि थोड्या वेळाने, "येऊ दे तिला. इथेच पडदा लावू. खोली काय, माणसांनी होते."

दुसऱ्या दिवशी मी शेवंतीला पत्र लिहिलं. भावजींना विचारून. गावचे मास्तर वाचून दाखवणार, म्हणजे सगळ्या गावाला कळणार, हे ठाऊक होतं, तरी लिहिलं. लिहिलं की तो तुझ्यावर रुसला नव्हता, त्याला तू दिसत होतीस आणि ऐकू येत नव्हतीस. दुसरी कुणी नाही, साचे होते. खोली मिळणार होती ती गेली, आणि का गेली तेही लिहिलं. शेवटी लिहिलं की त्याच्याशी बोलायचं तर उजेडात, समोर, पदर खाली करून.

उत्तर संक्रांतीनंतर आलं. मास्तरांचं अक्षर, मास्तरांची शुद्ध भाषा: शिमग्याला देवाची पालखी घरी येते, घर बंद ठेवता येत नाही; पालखी येऊन गेली की निघेन, गाय चुलत्यांकडे ठेवीन. फक्त शेवटची ओळ मास्तरांनी तिच्या तोंडची तशीच ठेवली होती: "तेंका सांगा, मी आता पाठ करून बोलूचंय नाय."

भावजींना वाचता येतं. तरी ती ओळ त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली, माझ्या तोंडाकडे बघत. दोनदा.

खोलीत पडदा लागला आहे, माझ्या जुन्या हिरव्या लुगड्याचा. शिमगा झाला, पाडवा झाला. वडाळ्याच्या खांबांवर आता पायाच्या भिंती चढल्या आहेत. एकतीस, बत्तीस, चौतीस कुठे आहेत ते आता भावजींनाच ओळखता येतं. मोर्चा निघाला की ते अजून जातात, "झालाच पाहिजे" त्यांना सगळ्यांच्या ओठांवर स्पष्ट दिसतं म्हणतात. आणि रविवारी, बुधवारी देवगडची बोट असते. पाडव्यापासून तीन बोटी आल्या. तिन्ही वेळा भावजी धक्क्यावर अनवाणी उभे राहिले. बोट धक्क्याला टेकते ते आधी दगडातून पायाला कळतं म्हणतात, मग माणसं उतरताना दिसतात. तिन्ही वेळा ते एकटेच परत आले, खारं तोंड धुतलं, जेवले. आज संध्याकाळी म्हणाले, "वयनी, उद्या कामावर खाडो करतंय. ती इली तर दिवसभर समोर बसाक व्हया."

उद्या बुधवार. सकाळी भावजींना भाऊच्या धक्क्यावर बोटीला जायचं आहे.